बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाचा आहार

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या कोरड्या भागातला सरडा, शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. चिडला किंवा घाबरला की गळ्याखालचा काटेरी भाग फुगवून काळा करतो, तीच त्याची दाढी. आपल्या कुंपणावर मान वरखाली करत बसणारा सरडा आणि हा एकाच अगॅमिडी कुळातले, म्हणून गावात लोक याला दाढीवाला सरडाच म्हणतात आणि ते काही चूक नाही. मात्र हौस म्हणून वावरातला सरडा किंवा घोरपड धरून आणायची नाही, घोरपड तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे.

अंड्यातून निघालेलं पिल्लू शेपटीसकट साधारण १० सेंटीमीटरचं असतं आणि वर्ष-दीड वर्षात ४५ ते ६० सेंटीमीटरचं होतं. म्हणजे एवढ्याशा जिवाला एवढ्या कमी दिवसांत सगळी हाडं बांधायची असतात, त्यामुळे या काळात खाण्यात जी कसर राहिली ती जबड्यात आणि पायात दिसते आणि वाकलेलं हाड नंतर कितीही चांगलं खाऊ घातलं तरी सरळ होत नाही.

मोठा ड्रॅगन जास्त करून पाला खातो, पिल्लाचं उलटं असतं. पहिले चार-पाच महिने ताटात साधारण ७० ते ८० टक्के किडे आणि बाकी हिरवा पाला. दिवसातून दोन-तीनदा, अगदी लहान असेल तर त्याहून जास्त वेळा, १०-१५ मिनिटांत जेवढे किडे खाईल तेवढे द्यायचे आणि उरलेले काढून घ्यायचे, कारण डब्यात मोकळे राहिलेले रातकिडे रात्री पिल्लालाच चावतात. किड्याचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे, पिल्लाच्या दोन डोळ्यांमधलं जे अंतर त्याहून रुंद किडा द्यायचा नाही. मोठा किडा गिळला तर पोटात अडकतो, मागचे पाय लुळे पडू शकतात आणि पिल्लू जातंही.

रोजच्या खाण्याला रातकिडे सगळ्यात बरे. मीलवर्म म्हणजे त्या पिवळ्या कडक अळ्या, दुकानात सहज मिळतात पण लहान पिल्लाला नको, कवच जाड आणि चरबी जास्त. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत कॅल्शियम मुळातच चांगलं असतं, ती चालते. आणि आपल्याकडे विदर्भात एक सोय आहे, ती म्हणजे रेशमाची अळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे ऐनाच्या झाडांवर टसर होतो, त्या अळ्या पिल्लासाठी फार मोठ्या, पण तुतीवरची लहान वयाची अळी मऊ असते, पाणीदार असते, चरबी कमी, पिल्लू आवडीने खातं. फक्त रेशीमवाल्याला आधी विचारा, कारण अळ्या वाढवायच्या बेडवर चुना आणि जंतुनाशक पावडर धुरळतात, तशी अळी घ्यायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वावरातले किडे देऊ नका. धुऱ्यावर नाकतोडे उड्या मारताना दिसतात, फुकटचे आहेत, ताजे आहेत, आणि पोट्टे बाटलीत भरून हौसेने आणून देतात, म्हणून मोह होतोच. पण कपाशी आणि सोयाबीनवर आपल्याकडे फवारणी किती होते ते कोणाला सांगायला नको, २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाला जे झेपत नाही ते काही ग्रॅमच्या पिल्लाला काय झेपणार, आणि फवारलेल्या पिकावरचा किडा मेला नाही म्हणजे त्याच्या अंगात विष नाही असं होत नाही. शेजाऱ्याच्या वावरातून उडून आलेला किडाही त्यातच धरा. घरातली झुरळं नको, त्यांच्यावर कोणी ना कोणी स्प्रे मारलेला असतो. पहिल्या पावसानंतर दिव्यावर पंखवाली उधई येते, ऑस्ट्रेलियात रानातले ड्रॅगन उधई भरपूर खातात हे खरं आहे, पण घराला उधईचं औषध मारलेलं असेल तर ती पण नको. आणि काजवा तर कधीच नाही, एकच काजवा ड्रॅगनचा जीव घ्यायला पुरतो.

त्यापेक्षा रातकिडे घरीच वाढवा. झाकणाला जाळी लावलेला प्लास्टिकचा टब, आत अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवायचे, खायला गव्हाचा कोंडा, पाण्याऐवजी गाजराचा तुकडा, कारण उघड्या पाण्यात ते बुडून मरतात. एका वाटीत ओली माती किंवा नारळाचा भुसा ठेवला की माद्या त्यात अंडी घालतात, ३० अंशाच्या आसपास १०-१२ दिवसांत पिल्लं निघतात आणि आपल्याकडे थंडीचे दोन महिने सोडले तर एवढी ऊब आयतीच असते. पिल्लाला द्यायच्या एक-दोन दिवस आधी रातकिड्यांना शेवग्याचा पाला, गाजर असं चांगलं खाऊ घालायचं, कारण किड्याच्या पोटात जे आहे तेच शेवटी पिल्लाच्या पोटात जातं.

तरीही किड्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, आणि पिल्लाला हवं असतं त्याच्या उलट, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. म्हणून रोज एका वेळच्या किड्यांना कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पावडर लावायची, डब्यात किडे आणि चिमूटभर पावडर टाकून हलवलं की झालं, आणि आठवड्यातून एक-दोनदा मल्टीव्हिटॅमिन. पावडर संपली आणि दुकान तालुक्याला असेल तर अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, मिक्सरमधून अगदी पिठासारखं काढून वस्त्रगाळ केलं तर तेवढ्यापुरतं चालतं. पानाचा चुना मात्र अजिबात लावू नका, तोही कॅल्शियमचाच असतो खरा, पण तोंड आणि अन्ननलिका भाजते.

कॅल्शियम पोटात गेलं म्हणजे हाडात गेलं असं नाही, त्यासाठी डी-३ जीवनसत्व लागतं आणि ते कातडीत उन्हातल्या यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांनी तयार होतं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतंच, त्यामुळे काचेआडचं ऊन धरायचं नाही. यूव्हीबीची ट्यूब लावा आणि ती पेटत असली तरी कंपनीने सांगितलेल्या मुदतीला, बहुतेक ६ ते १२ महिन्यांनी, बदला. हिवाळ्यात सकाळचं कोवळं ऊन जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, २०-३० मिनिटं दिलं तर फार चांगलं. काचेची टाकी उन्हात ठेवायची नाही, ती भट्टी होते.

पाल्याची सवय पहिल्यापासून लावावी लागते, नाहीतर मोठेपणी तोंड फिरवतं. रोज सकाळी आधी बारीक चिरलेला पाला ठेवा, मग किडे. शेवग्याचा पाला उत्तम, कॅल्शियम भरपूर आणि खेड्यात तर दारातच झाड असतं. ढोरांसाठी लावलेला लसूणघास, तुतीचा कोवळा पाला, जास्वंदाची फुलं आणि पानं, किसलेला लाल भोपळा, दोडका, हे सगळं चालतं. सांबार म्हणजे कोथिंबीर थोडी चालते. गडबड होते ती पालकाने, कारण पौष्टिक म्हटलं की घरातल्या बाईमाणसांपासून डॉक्टरपर्यंत सगळे पालकच सांगतात, पण पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. चिवळ, चवळाई, चमकोरा (अळू), चाकवत यांचंही तेच, आपल्या ताटात कितीही गोड लागल्या तरी पिल्लाच्या रोजच्या ताटात नको. कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो बंद. वरूड-मोर्शीकडे घरात संत्र्यांचा ढीग असला तरी पिल्लाला आंबट फळ द्यायचं नाही. पपईचा लहान तुकडा आठवड्यातून एखाद्या वेळी पुरे, कारण या सरड्याचे बाजूचे दात जबड्याच्या कडेलाच जोडलेले असतात, पडले की परत येत नाहीत, आणि गोड चिकट खाण्याने हिरड्या सडतात.

खाणं आणि ऊब वेगळी धरता येत नाही. पिल्लाला ऊन खायची जागा ४०-४२ अंशांची आणि दुसरं टोक २५-२८ चं लागतं, तरच पचतं. म्हणून लाईन कधी जाते ते पाहून जेवणाची वेळ ठरवा. शेवटचं खाणं दिवा बंद व्हायच्या निदान दोन तास आधी, आणि डिसेंबर-जानेवारीत लाईन येते की नाही याचा भरवसा नसेल तर त्या वेळचे किडे देऊच नका, थंड पोटात अन्न तसंच पडून सडतं, एक वेळ उपाशी राहिलेलं बरं. उन्हाळ्यात भानगड उलटी, अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखालच्या खोलीत तर विचारू नका, अशा वेळी दुपारी उष्णतेचा दिवा बंद, यूव्हीबी चालू, खाणं सकाळी लवकर. कूलरचा झोत टाकीवर येऊ देऊ नका, ओल धरली की छातीचा त्रास होतो.

लहान पिल्लं वाटीतलं पाणी बरेचदा ओळखतच नाहीत. नाकावर थेंब सोडला की चाटतात. पाला धुऊन ओलाच ठेवला तरी पाणी पोटात जातं.

दर आठवड्याला सोन्याचांदीवाल्यासारख्या छोट्या वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहा, पिल्लाचं वजन वाढतच राहायला पाहिजे. जबडा रबरासारखा मऊ लागणं, पाय थरथरणं, पोट उचलून न चालता घसटत चालणं, ही कॅल्शियम कमी पडल्याची खूण आहे आणि तेव्हा पावडर वाढवून घरी वाट बघायची नसते. गावातले डॉक्टर बहुतेक गाई-म्हशींचे असतात, पण नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी फोन करून विचारा आणि मग जा. भरपूर खाऊनही वजन वाढत नसेल तर पोटात जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले डोळ्यांना न दिसणारे परजीवी) असू शकतात, अशा वेळी त्याच दिवशीची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून सोबत न्या, वाळलेल्या नमुन्यात नीट दिसत नाही.