बाहेरचा शेक आणि आतला शेक

शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडच्या बायका गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कोल्हापुरात शेक, म्हणजे किरणोपचार (रेडिएशन), घ्यायला येतात. बऱ्याच जणींच्या फाइलवर दोन प्रकारचे शेक लिहिलेले असतात, एक बाहेरून आणि एक आतून. दुसरा म्हणजे पहिल्याचंच शेपूट, जमलं तर घ्यायचं, असं घरच्यांना वाटतं. या समजापायी हाताशी आलेला उपचार वाया जाताना पाहवत नाही.

बाहेरच्या शेकात बाई टेबलावर निजते आणि लिनॅक मशीन तिच्याभोवती फिरून क्ष-किरण सोडतं. आधी सीटी स्कॅन करून आखणी होते आणि अंगावर खुणा करतात. त्या घासून काढायच्या नाहीत. सोमवार ते शुक्रवार, साधारण 25 वेळा, म्हणजे 5 आठवडे. एकूण मात्रा 45 ते 50 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप). सोबत बहुतेकींना आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. शेक घेताना काही दुखत नाही. त्रास नंतर होतो: जुलाब, लघवीला जळजळ, थकवा. हे किरण गाठीवर पडतात, तसेच ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही.

मग हाच शेक आणखी का वाढवत नाहीत? कारण पिशवीच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, आणि बाहेरून येणारे किरण त्यांच्यातूनच जातात. गाठ पुरती मरायला मात्रेचा हिशेब 80 ग्रेच्या पुढे न्यावा लागतो. तेवढं बाहेरूनच दिलं तर आतडं आणि लघवीची पिशवी कायमची दुखावण्याचा धोका असतो.

इथे आतला शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी, लागते. भूल किंवा गुंगी देऊन पिशवीत एक पोकळ नळी आणि पिशवीच्या तोंडापाशी बहुधा आणखी दोन बसवतात. मग तारेच्या टोकाला जोडलेला तांदळाच्या दाण्याएवढा इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूचा तुकडा मशीनमधून नळीत येतो, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबत पुढे सरकतो आणि काम झालं की मशीनमध्ये परत जातो. अंतर दुप्पट झालं की मारा साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून गाठीला भरपूर मिळतं आणि शेजारचे अवयव बरेचसे वाचतात. असं दोन ते चार वेळा करतात. इरिडियमची ताकद सुमारे 74 दिवसांत निम्मी होते, त्यामुळे जुन्या स्रोतावर जास्त मिनिटं लागतात. त्याचा अर्थ आजार वाढला असा नाही.

यातल्या कुठल्याही शेकानंतर बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. काही दिवस वेगळं राहायला सांगतात ते थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटातून घेतलेल्यांना, आणि तीच भीती इकडे चिकटते.

सगळ्याच आजारांत दोन्ही लागतात असं नाही. स्तनाच्या आणि तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा बाहेरचाच. गर्भपिशवीच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर काही जणींना फक्त आतला. कॅन्सर नसलेल्या केलॉइडमध्ये वाढलेला वण कापल्यावर शक्यतो 24 तासांत शेक सुरू करतात, तो कुठल्याही पद्धतीने देता येतो.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये खरा घात बाहेरचा शेक संपत आल्यावर होतो. अंगावरून जाणारं रक्त थांबलेलं असतं, भूक लागायला लागते, शेतात रोप लावणीची घाई असते. बाई बरी झाली म्हणून गावी नेतात. पण दोन्ही शेक मिळून सारा उपचार 8 आठवड्यांच्या आत संपायला हवा. लांबला तर गाठ पुन्हा डोकं काढण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: आतल्या शेकाची सोय इथेच आहे का? नसेल तर कुठे पाठवणार, कोणत्या तारखेला? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेत असाल तर दोन्हींच्या मंजुरीची चौकशी तेव्हाच करा. आणि शेक संपल्यावर योनीमार्ग आखडू नये म्हणून डायलेटर (योनीमार्गात घालायची गुळगुळीत कांडी) कसा वापरायचा, हे बाईने स्वतः, न संकोचता, सिस्टरकडून समजून घ्यावं.