लाकूड फुगलं की थ्री नॉट थ्रीचा ट्रिगर बिघडायचा

पावसाळ्यात दार फुगतं, चौकटीत घासतं आणि उन्हाळ्यात तेच दार सुरळीत लागतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलला, म्हणजे आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री नॉट थ्रीला, हाच त्रास होता आणि तोही नेमका ट्रिगरमध्ये.

हा ट्रिगर दोन टप्प्यात ओढायचा असतो. त्याच्या वरच्या अंगाला दोन छोटे उंचवटे असतात, पहिला सिअरला टेकलेला असताना बोट हलकंच मागे येतं, मग दुसरा टेकतो आणि बोटाला एकदम जड लागतं, तिथे क्षणभर थांबून नेम पक्का करायचा आणि मग दाबायचं. सिअर म्हणजे ताणलेल्या फायरिंग पिनला अडवून धरणारा स्टीलचा तुकडा.

आता गोची बघा. सिअर बसवलेला वरच्या लोखंडी बॉडीला आणि ट्रिगर पिनने अडकवलेला खालच्या ट्रिगर गार्डला, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीला, आणि दोघांच्या मधे पुढच्या दस्त्याचं लाकूड! लाकूड ओलाव्याने लांबीत जवळपास वाढतच नाही, आडवं मात्र चांगलंच फुगतं, आणि इथे नेमकी आडवी जाडीच कामाची. समजा २ सेंटिमीटर जाडीचं लाकूड १ टक्का फुगलं, तर ०.२ मिलिमीटर फरक पडला. ऐकायला काहीच नाही, पण ते दोन उंचवटे इतके बारीक असतात की तेवढ्याने टप्प्यांचा हिशोब चुकतो. फुगलं तर ट्रिगर सिअरपासून लांब, आक्रसलं तर जवळ. त्यात दुसऱ्या महायुद्धात अक्रोडाचं लाकूड पुरेना म्हणून ली-एनफिल्डच्या नंबर ४ या मॉडेलला बीच आणि बर्चही वापरलं, आणि बीच तर ओलाव्याला फारच हलणारं लाकूड.

मला खरं नवल याचं वाटतं की जर्मनांच्या १८९८ च्या माऊझर रायफलमध्येही ट्रिगर सिअरमार्फत थेट बॉडीखाली लटकवलेला होता, लाकडाचा संबंधच नाही. ब्रिटिशांनी ते १९४९ मध्ये नंबर ४ मार्क २ मध्ये केलं, लिव्हरपूलजवळच्या फॅझाकर्लीच्या कारखान्यात. बॉडीच्या खाली एक उंचवटा ठेवला, त्यातून पिन घालून ट्रिगर टांगला, आणि त्याला जागा हवी म्हणून पुढच्या दस्त्याच्या मागच्या टोकाचं लाकूड कापावं लागलं. जुन्या रायफलीही तशा करून घेतल्या, मार्क १ ची झाली १/२ आणि मार्क १ स्टारची १/३. ओळखायचं असेल तर ट्रिगर गार्डकडे बघा, जुन्या गार्डमधून ट्रिगरची पिन आरपार गेलेली दिसते, नव्यात नाही.

आपल्या इशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरची २ए रायफल काढली, पण ती त्याहून जुन्या नंबर १ मार्क ३ च्या साच्यावर, त्यामुळे तिचा ट्रिगर गार्डलाच अडकवलेला राहिला.