कोऱ्या सीडीची जात आणि रात्रीच्या गप्पा

सीडी-डीव्हीडी राइट करणाऱ्या हौशी मंडळींच्या ऑनलाइन गप्पा पहिल्यांदा वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एकजण आयडीई केबल बदलल्याचं सांगतो, दुसरा तबकडीच्या पाठीचा गडद निळा रंग किती छान आहे ते सांगतो, मधेच कुणाच्या मुलीची परीक्षा असते आणि कुणाकडे पाऊस थांबलेला नसतो. लोक इतके जवळ कसे आले याचं उत्तर मला त्या तबकडीतच सापडतं. कोरी सीडी स्वतःबद्दल काहीच सांगत नसे. ती कुणी बनवली, किती टिकेल, आपल्या रायटरशी, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हशी, तिचं जमेल का, हे दुसऱ्याला विचारल्याशिवाय नवख्याला कळायला मार्ग नव्हता.

ऑडिओ सीडीचं प्रमाणक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलं आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. ती कारखान्यातच छापली जायची. घरी लिहिता येणारी सीडी-आर जपानच्या तैयो युदेन कंपनीने १९८८ मध्ये घडवली. तिचे नियम १९९० च्या ‘ऑरेंज बुक’मध्ये आले. पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर सेंद्रिय रंगाचा अगदी पातळ थर आणि त्यावर धातूचा आरशासारखा थर, अशी तिची रचना. लेसर जिथे पडतो तिथला रंग तापून बदलतो आणि प्रकाश वेगळा परततो. एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. सुरुवातीचे रायटर हजारो डॉलरचे होते. १९९५ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचा ४०२०आय हजार डॉलरच्या आत आला, तेव्हा कुठे हे प्रकरण घरातल्या टेबलावर आलं.

खरी धाकधूक पुढे होती. १एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. त्या वेगाने ७४ मिनिटांची सीडी भरायला ७४ मिनिटंच लागत. लिहायला लागलेला लेसर मधे थांबू शकत नसे. रायटरमध्ये येणारा डेटा तात्पुरता साठवणारी १ मेगाबाइटची बफर मेमरी असली, तर ४एक्सला ती पावणेदोन सेकंदांत रिकामी होई. तेवढा वेळ हार्ड डिस्क अडखळली की सीडी बाद. अशा बाद सीडीला इंग्रजीत ‘कोस्टर’ हे नाव पडलं, म्हणजे कपाखाली ठेवायची चकती.

२००१ मध्ये मी माझ्या आजीच्या ओव्या कॅसेटवरून सीडीवर घेतल्या. साउंड कार्डातून आवाज आत घेणं सोपं गेलं. राइट करताना मात्र रात्री अकरानंतर बसलो. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद, मोडेमची वायर काढलेली, माउसला हातसुद्धा लावायचा नाही. एका तासाच्या ओव्या आणि ४एक्सचा रायटर, म्हणजे पंधरा मिनिटं. पहिली सीडी चौदाव्या मिनिटाला गेली. ती उजेडात तिरकी धरली, तर लिहिलेला भाग कुठे संपतो ती कड स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी ऑनलाइन विचारलं. तासाभरात तिघांनी एकच प्रश्न केला: ‘सीडी कुठल्या रंगाची आहे?’

हा प्रश्न मोलाचा होता, कारण रंगावरून आतलं रसायन ओळखता येई. हिरवट छटा बहुधा सायनिनची. फिकट, जवळजवळ रंगहीन सोनेरी असेल तर थॅलोसायनिन. गडद निळा म्हणजे ॲझो, मित्सुबिशीने आपल्या व्हर्बॅटिम ब्रँडच्या सीडीत वापरलेला. डब्यावरच्या नावाला फारसा अर्थ नव्हता, कारण एकच कारखाना दहा ब्रँडना माल पुरवायचा आणि एकच ब्रँड चार देशांतून माल घ्यायचा. सीडीच्या खाचेतच कोरलेली माहिती सॉफ्टवेअरने वाचली की बनवणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक मिळे. तो एकमेकांना कळवणं हा या मंडळींचा रोजचा उद्योग झाला.

२००० मध्ये सान्योचं ‘बर्न-प्रूफ’ तंत्र प्लेक्स्टरच्या १२एक्स रायटरमध्ये आलं. बफर रिकामी झाली की लेसर थांबतो, आणि डेटा आला की त्याच जागेवरून पुढे लिहितो. अशा नव्या रायटरांवर कोस्टर जवळपास संपले. गप्पा मात्र वाढल्या, कारण आता प्रश्न बदलला: सीडी लिहून झाली खरी, पण लिहिली कशी गेली?

डीव्हीडीने यात भर घातली. पायोनियरची डीव्हीडी-आर १९९७ ची, प्रतिस्पर्धी गटाची डीव्हीडी+आर २००२ ची. त्याच वर्षी सोनीने दोन्ही चालणारा रायटर काढला आणि ‘प्लस की मायनस’ हा वाद हळूहळू निवला. लाइट-ऑन, बेनक्यू, प्लेक्स्टर यांचे काही रायटर लिहिलेल्या तबकडीतल्या चुका मोजून त्यांचा आलेख दाखवत. सलग आठ ब्लॉकांत पीआय चुका (वाचताना पहिल्याच तपासणीत सापडणाऱ्या) २८० च्या आत हव्यात, हा नियम सगळ्यांना पाठ. पण एकाच तबकडीचा आलेख दोन रायटरांवर वेगळा येई. म्हणून आलेख टाकणाऱ्याने आपला रायटर, फर्मवेअर (रायटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि वेग सांगायचा हा रिवाज पडला, आणि माणसं एकमेकांना रायटरवरून ओळखू लागली. लाइट-ऑनच्या ४११एस रायटरवर ८११एसचं फर्मवेअर चढवून ४एक्सचा ८एक्स करणारे तर शेकड्यांनी होते. आलेख पूर्ण व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागत. त्या वेळात फुगलेल्या कपॅसिटरचे मदरबोर्ड, घरघरणारे पंखे, आणि मग घरचं, गावचं. आमच्याकडच्या भारनियमनाचं वेळापत्रक परदेशातल्या दोघांना तोंडपाठ झालं होतं, कारण त्याआधी डीव्हीडी संपवायची माझी घाई ते रोज बघत.

याच गप्पांत एक गोष्ट मला लागायची. १९८३ मध्ये सुरू झालेली आपली मोझर बेअर जगातल्या सर्वांत मोठ्या तबकडी उत्पादकांपैकी एक होती. व्हर्बॅटिमचा काही माल तीच बनवायची. परदेशातले अनेक हौशी दुकानात डबा उलटा करून ‘मेड इन इंडिया’ दिसलं की परत ठेवत आणि जपान, सिंगापूर किंवा तैवानचा शोधत. वाईट आलेख मीही पाहिले आहेत, पण त्यांतले बरेच जुन्या फर्मवेअरवर पूर्ण वेगाने लिहिलेले असत. वेग एक पायरी उतरवला की तीच तबकडी नीट लिहिली जाई. हे मी तेव्हाही मांडलं आणि आजही मला तेच वाटतं. पुढे हीच कंपनी सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. मराठी चित्रपटही त्या पाकिटांतून घरोघरी गेले. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली.

तैयो युदेनने २०१५ च्या अखेरीस तबकड्या बनवणं थांबवलं. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे बंद केल्या. जुने गडी अजून भेटतात. आता विचारतात ते वीस वर्षांपूर्वीची सीडी कुठल्या ड्राइव्हवर वाचली जाईल.

ओव्यांची दुसरी सीडी, त्या तिघांच्या सांगण्यावरून घेतलेली निळी, माझ्याकडे आहे. दर दिवाळीच्या आवराआवरीत मी तिचा आलेख काढतो. सी१ म्हणजे वाचताना सहज दुरुस्त होणाऱ्या चुका, सी२ म्हणजे त्यातून सुटलेल्या. सी१ चुकांची मर्यादा सेकंदाला सरासरी २२०. यंदा ११ आल्या. सी२ शून्य. आलेख त्या तिघांपैकी दोघांना पाठवला. तिसरा आता नाही.