टाय कॉबची हिरवी शाई

बेसबॉलच्या चेंडूवर खेळाडूची सही हवी असेल तर मैदानाच्या दारात ताटकळावं लागे. पत्राला पोस्टाचं तिकीट पुरे. म्हणूनच बेसबॉलपटूंच्या सहीची पत्रं जमवण्याचा छंद अमेरिकेत गावोगावी पोचला. पोरंसोरं परतीचं पाकीट घालून लिहीत आणि बरेच खेळाडू खरोखरच उत्तर देत. मैदानावर तापट म्हणून बदनाम असलेला टाय कॉब तर निवृत्तीनंतर अनोळखी चाहत्यांनाही लांबलचक पत्रं लिहायचा, तीही पुष्कळदा हिरव्या शाईत.

१९३६ साली हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, पहिली निवड झाली. कॉबला २२६ पैकी २२२ मतं पडली, बेब रूथला २१५. मग या मानकऱ्यांपैकी प्रत्येकाची सही आपल्याकडे हवी, असा ध्यास संग्राहकांना लागला. पण जुन्या हौशी मंडळींनी केलेल्या एका गोष्टीची फार हळहळ वाटते. पत्रातली सही तेवढी कात्रीने कापून वहीत डकवायची आणि मजकूर टाकून द्यायचा! अशा चिठोरीच्या कडेला कधी वरच्या ओळीतल्या अक्षराची अर्धी तुटलेली शेपटी दिसते. ते वाक्य काय होतं, हे आता कोणालाच कळणार नाही.

शूलेस जो जॅक्सन या जुन्या बेसबॉलपटूची गोष्ट वेगळी. त्याला धड लिहिता येत नसे. त्याच्या नावाने गेलेल्या बहुतेक सह्या त्याच्या बायकोच्या, केटीच्या हातच्या. त्यामुळे त्याची स्वतःची सही अतिशय दुर्मीळ.

किमती चढल्या तसे नकली सह्या करणारेही आले. १९९०च्या दशकात एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने त्यांच्याविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम काढली. त्यात मदर तेरेसांची खोटी सही केलेले चेंडूसुद्धा सापडले. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेम संग्रहालयातली कॉबची १९४६ची रोजनिशीही पुढे बनावट ठरली.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचं १३ मे १९५८चं पत्र. आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कृष्णवर्णीय नेत्यांना समान हक्कांसाठी धीर धरायला सांगितलं होतं आणि रॉबिन्सन श्रोत्यांत बसला होता. खेळ सोडून तो तेव्हा ‘चॉक फुल ओ’नट्स’ या कॉफी कंपनीत अधिकारी होता. त्याच कंपनीच्या कागदावर त्याने राष्ट्राध्यक्षांना लिहिलं की, आमच्याइतका धीर कोणीच धरलेला नाही. मजकूर टाइप केलेला, खाली हाताने केलेली सही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते पत्र अख्खं जपलं आहे.