अपवाद-हाताळणीतील सुरक्षित आवराआवर

प्रोग्रॅम चालू असताना अनपेक्षित अडचण आली की चालू क्रम तिथेच सोडून दुसऱ्या वाटेने बाहेर पडण्याच्या व्यवस्थेला अपवाद-हाताळणी किंवा एक्सेप्शन हँडलिंग म्हणतात. बाहेर पडताना हाती घेतलेल्या वस्तू परत करणारा भाग म्हणजे आवराआवर. प्रोग्रॅमर मंडळींच्या बोलण्यात क्लीनअप. उघडलेली फाइल, डेटाबेसचे कनेक्शन, लॉक, तात्पुरत्या फाइली, मेमरी या सगळ्या अशा परत करायच्या वस्तू. अडचण पकडणे हा या विषयाचा सोपा भाग आहे. खरी कसोटी आवराआवरीत लागते, कारण ती संहिता (कोड) क्वचितच चालते, आणि चालते तेव्हा आधीच काहीतरी मोडलेले असते.

फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवस्थानाच्या कार्यालयात अभिषेकाच्या पावत्या संगणकावर निघतात असे धरू. एका पावतीसाठी प्रोग्रॅम कनेक्शन घेतो, त्या दिवसाच्या नोंदींवर लॉक (इतरांना थांबवणारे कुलूप) लावतो, पावतीचा क्रमांक लिहितो आणि शेवटी छापतो. छापताना कागद संपला आणि एक्सेप्शन फेकले गेले, तर लॉक आणि कनेक्शन सोडणार कोण? लॉक तसाच राहिला तर पुढचाच यजमान खोळंबतो, म्हणून ती चूक लगेच कळते. कनेक्शनची गळती मात्र दिसत नाही. पूलमध्ये, म्हणजे तयार कनेक्शनांच्या सामाईक साठ्यात, दहा कनेक्शने असतील तर नऊ गळेपर्यंत सगळे सुरळीत चालते. दहावे गेले की खिडकी ठप्प होते, आणि तेही बहुधा जत्रेच्या गर्दीत. लॉगमध्ये दिसते ‘कनेक्शन मिळाले नाही’ एवढेच. मूळ कारण कितीतरी आधीच्या न छापलेल्या पावत्यांत असते. गळती शोधायला म्हणूनच इतका वेळ जातो.

या अडचणीवरचा विचार जुना आहे. पीएल/वन भाषेत १९६० च्या दशकातच अडचण आल्यावर काय करायचे ते सांगण्याची सोय होती. जॉन गुडइनफ यांनी १९७५ मध्ये अपवादांची पद्धतशीर मांडणी केली, आणि बार्बरा लिस्कोव यांच्या एमआयटीतील गटाने सीएलयू भाषेत ती कल्पना पक्की केली. लिस्प भाषेतले अनवाइंड-प्रोटेक्ट खास आवराआवरीसाठीच होते: कोणत्याही वाटेने बाहेर पडा, अमुक काम झालेच पाहिजे. जावाच्या फायनलीत, म्हणजे कसेही बाहेर पडले तरी चालणाऱ्या भागात, तोच विचार आहे. सी भाषेत अपवाद नाहीतच; तिथे चूक परतमूल्यातून कळते, आणि लिनक्स कर्नलमध्ये फंक्शनच्या शेवटी लेबले मांडून गोटूने तिथे उडी मारायची रीत रुळली. लेबले वस्तू घेतल्याच्या क्रमाच्या उलट असतात. हा उलटा क्रम सगळ्याच भाषांत पाळावा लागतो, कारण नंतर घेतलेली वस्तू बहुधा आधीच्या वस्तूवर उभी असते.

फायनलीत दोष आहे. वस्तू घेतली एका ओळीत आणि सोडली पन्नास ओळी खाली, तर मधे कोणीतरी नवी वस्तू घालतो आणि खाली लिहायचे विसरतो. सी प्लस प्लसने याला वेगळे उत्तर दिले. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांच्या आरएआयआय पद्धतीत वस्तू एखाद्या ऑब्जेक्टच्या स्वाधीन करतात. त्या ऑब्जेक्टची व्याप्ती संपली की डिस्ट्रक्टर, म्हणजे त्याचा आवराआवरीचा भाग, आपोआप चालतो. गोव्याच्या खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) शेतीतल्या मानसाचे, म्हणजे पाण्याच्या झडपेचे, दार असेच असते. भरतीचे पाणी दारावर दाब देऊन ते मिटवते, ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. भरतीची वेळ लक्षात ठेवून कोणी धावत जावे लागत नाही. पायथनमध्ये विथ (आवृत्ती २.५, २००६), जावा ७ मध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस (२०११), सी शार्पमध्ये यूजिंग, गो भाषेत डिफर आणि रस्टमध्ये ड्रॉप ही या विचाराचीच रूपे. घेण्याच्या ओळीशेजारीच सोडण्याची हमी लिहिली जाते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातली सर्वांत मोठी सुधारणा हीच.

आवराआवरच फसली तर? छापताना एक्सेप्शन आले आणि कनेक्शन बंद करतानाही आले, तर जुन्या पद्धतीच्या फायनलीतून दुसरे बाहेर पडते आणि पहिले, म्हणजे खरे कारण, हरवते. जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस दुसऱ्याला पहिल्याच्या मागे जोडून ठेवते. पायथन ३ आधीचे एक्सेप्शन संदर्भ म्हणून सांभाळते. फायनलीत रिटर्न लिहिले तर चालू एक्सेप्शन गिळलेच जाते, पायथन ३.१४ आता त्याबद्दल इशारा देते. सी प्लस प्लस अधिक कडक आहे: एका एक्सेप्शनमुळे आवराआवर चालू असताना डिस्ट्रक्टरमधून दुसरे निसटले, तर प्रोग्रॅम तिथेच संपवला जातो. म्हणून डिस्ट्रक्टरने काहीही बाहेर फेकू नये हा नियम. पण फाइल लिहिलेली असेल तर बंद करतानाची चूक दुर्लक्षिता येत नाही, कारण बफरमधला (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातला) मजकूर डिस्कवर गेलाच नसेल. अशा वेळी लिहिणे पुरे झाल्याची खात्री नेहमीच्या वाटेवर आधीच करून घ्यावी आणि आवराआवरीत फक्त सोडण्याचे काम ठेवावे.

वस्तू परत गेल्या तरी माहिती अर्धवट राहू शकते. डेव्हिड अब्राहम्स यांनी सी प्लस प्लसच्या मानक लायब्ररीच्या कामात हमीच्या पायऱ्या ठरवल्या: मूलभूत हमीत गळती नाही आणि माहिती सुसंगत राहते; सबळ हमीत काम पूर्ण होते किंवा मुळी झालेच नसल्यासारखे राहते; तिसरीत चूक बाहेर पडतच नाही. सबळ हमी मिळवायची नेहमीची युक्ती म्हणजे सगळे जोखमीचे काम प्रतीवर करायचे आणि शेवटी न फसणाऱ्या अदलाबदलीने ती प्रत जागेवर आणायची. पावतीच्या बाबतीत ही युक्ती अर्धीच लागू पडते. डेटाबेसला रोलबॅक (व्यवहार मागे घेण्याची सोय) आहे, छापलेल्या कागदाला नाही. म्हणून आधी व्यवहार कमिट (पक्का) करावा, मग छापावे, आणि छपाई फसली तर त्याच क्रमांकाची पावती पुन्हा काढता यावी.

एक्सेप्शन पकडून गप्प बसणारा रिकामा कॅच सर्वांना ठाऊक आहे. उलट टोकही घातक ठरते. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटचे पहिले उड्डाण सुमारे ४० सेकंदांत फसले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना आलेले एक्सेप्शन ॲडा भाषेतल्या संहितेत हाताळलेले नव्हते. एक्सेप्शन म्हणजे यंत्रातला बिघाड, असे गृहीत धरून दिशादर्शक संगणक स्वतःला बंद करत असे. राखीव संगणकावरही तोच प्रोग्रॅम होता, त्यामुळे तोही तसाच बंद पडला. ज्या गणनेत ही चूक झाली तिची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

या सगळ्या सोयींना एक मर्यादा आहे. गोव्यात पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा फायनलीही चालत नाही आणि डिस्ट्रक्टरही नाही. ऑपरेटिंग सिस्टिमने प्रक्रिया जबरदस्तीने मारली तरी तेच. अशा प्रसंगी आवराआवर पुढच्या सुरुवातीला करावी लागते. डेटाबेस आपला लॉग वाचून अर्धे व्यवहार मागे घेतो. साध्या फाइलीसाठी मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहून, तो डिस्कवर पोहोचवून, मग नाव बदलतात; युनिक्ससारख्या सिस्टिमवर वाचणाऱ्याला एक तर जुनी फाइल दिसते, नाहीतर नवी.

आवराआवरीची संहिता तपासण्यासाठी अडचण मुद्दाम घडवावी लागते. एसक्यूलाइट डेटाबेसच्या चाचण्यांत मेमरी मागण्याची पहिली खेप फसवतात, मग दुसरी, मग तिसरी, आणि एकही खेप न फसता काम पुरे होईपर्यंत ही फेरी चालते. डिस्कवरच्या वाचन-लेखनातल्या चुकांसाठीही हीच रीत वापरतात, आणि प्रत्येक फेरीनंतर डेटाबेस शाबूत आहे का ते पाहतात.