हॅकिंटॉशवरील बीटा प्रणालीचे दोषनिवारण

ॲपलने न बनवलेल्या संगणकावर मॅकओएस ही ॲपलच्या मॅक संगणकांची प्रणाली चालवली, की त्या यंत्राला हॅकिंटॉश म्हणतात. ॲपलने जून २००५ मध्ये इंटेल प्रोसेसरकडे वळण्याची घोषणा केली, जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले, आणि साध्या पीसीवर ही प्रणाली चढवण्याचा खटाटोप सुरू झाला. परवान्यानुसार ती फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवायची असते. सायस्टार या अमेरिकी कंपनीने असे पीसी विकायला काढले, तेव्हा २००९ मध्ये न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे हा उद्योग हौशींच्याच हाती राहिला.

सांगली-साताऱ्याकडे हे हौशी म्हणजे मुख्यतः अभियांत्रिकीची मुले आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे. या एडिटरांना फायनल कट प्रो हे ॲपलचे व्हिडिओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर हवे असते, पण मॅकची किंमत झेपत नाही. ज्यांचे काम विंडोजवरच्या मराठी फॉन्टवर अडलेले असते ते दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर ठेवतात. मग मॅकओएसमधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. मॅकओएस मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. यात बिघाड काहीच नाही, पण बॅटरीचा सेल बदलून झाल्यावरच अनेकांना हे उमगते. विंडोजच्या रजिस्ट्रीतील, म्हणजे तिच्या अंतर्गत सेटिंगच्या यादीतील, एका नोंदीने प्रश्न मिटतो.

नवी आवृत्ती ॲपल दरवर्षी जूनमध्ये दाखवते आणि तिचे बीटा, म्हणजे चाचणीसाठीचे कच्चे अवतार, शरद ऋतूपर्यंत येत राहतात. म्हणजे हंगाम नेमका पावसाळ्याचा. इन्स्टॉलेशन चालू असताना यंत्र चार-दोनदा आपोआप रीस्टार्ट होते आणि तेवढ्यात लाइट गेली, तर दोष बीटाचा की अर्धवट लिहिलेल्या डिस्कचा, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून यूपीएस आधी, बीटा नंतर.

असल्या यंत्रावर खरे कौशल्य दुरुस्तीत कमी आणि दोष कुणाचा हे ठरवण्यात जास्त असते. ओपनकोअर हा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रणाली चढवणारा प्रोग्राम, पीसीला मॅकचे सोंग देतो आणि केक्स्ट नावाचे छोटे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) उरलेली कसर भरून काढतात. यांतले बरेचसे लिलू या मूळ केक्स्टवर उभे असतात, आणि अनोळखी नव्या आवृत्तीवर लिलू मुद्दामच काम करायला नकार देतो. त्याच्याबरोबर ग्राफिक्स, आवाज आणि मॅकच्या एसएमसी या नियंत्रक चिपची नक्कल करणारा व्हर्च्युअलएसएमसी हे सगळेच झोपते. वरवर पाहता बीटा पार बिघडलेला वाटतो. प्रत्यक्षात लिलूची ताजी आवृत्ती टाकली किंवा बूट-आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे सुरू होताना प्रणालीला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, ‘-lilubetaall’ जोडले, की यंत्र बहुधा उठते.

व्हर्बोज मोडमध्ये, म्हणजे सुरू होतानाची प्रत्येक पायरी पडद्यावर दाखवली जाते तेव्हा, ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ या ओळीवर अडकणे हाही नेहमीचा आजार. प्रणालीला स्वतःची डिस्क किंवा पेनड्राइव्ह सापडत नसतो. २०१५ च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून एका यूएसबी कंट्रोलरवर १५ पोर्टांची मर्यादा आहे आणि निळे यूएसबी ३ पोर्ट दोनदा मोजले जातात. त्यामुळे समोरचा पोर्ट यादीबाहेर पडलेला असू शकतो. पेनड्राइव्ह मागच्या काळ्या पोर्टला लावून पाहावा. कोणते पोर्ट वापरायचे याची यादी, म्हणजे यूएसबी मॅप, नंतर सवडीने करता येतो.

काही वेळा मात्र ॲपलने मूळ ड्रायव्हरच काढलेला असतो. २०२३ च्या सोनोमा या आवृत्तीत जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांचा आधार गेला, तर २०२५ च्या टाहो या आवृत्तीच्या बीटामध्ये आवाजाचा ॲपलएचडीए हा ड्रायव्हर. अशा वेळी ओपनकोअरची कॉन्फिग फाइल उकरत बसण्यात अर्थ नसतो. म्हणूनच स्थिर आवृत्ती दुसऱ्या डिस्कवर आणि चालता ईएफआय (ओपनकोअर आणि केक्स्ट असलेला फोल्डर) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवण्याची पद्धत आहे: त्याच यंत्रावर जुन्या आवृत्तीत आवाज येत असेल, तर संशय केबलवर वा कार्डावर घ्यायचा नाही. आणि एका वेळी एकच बदल करायचा. तीन केक्स्ट एकदम बदलणाऱ्याला गुण कशाने आला हे शेवटपर्यंत कळत नाही.

जून २०२५ मध्ये ॲपलने टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे जाहीर केले. तिच्यापुढचे बीटा ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठीच असल्याने पीसीवाल्यांच्या वाट्याला टाहोचे सुरक्षा अपडेट तेवढे उरतात.