व्यायाम, औषधे आणि स्नायूंमधील इन्सुलिनचे कार्य : पार्श्वभूमी

काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो, हे इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच ठाऊक झाले होते. शोव्हो आणि कॉफमन या फ्रेंच संशोधकांनी १८८७ साली चारा चघळणाऱ्या घोड्याच्या स्नायूत शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताची तुलना करून ते दाखवले होते. १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आले आणि १९२६ साली लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांनी व्यायामामुळे इंजेक्शनचा परिणाम वाढतो, असे नोंदवले. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते.

हा परिणाम रक्तातल्या एखाद्या द्रव्यामुळे होतो की खुद्द स्नायूमुळे, हा प्रश्न मात्र पुढे बराच काळ खुला होता. त्याचे सर्वांत देखणे उत्तर १९६६ साली स्वीडनमध्ये मिळाले. बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन हे दोघे संशोधक एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने फक्त एका पायाने दमेपर्यंत पायडल मारले. त्यानंतर पिष्टमय आहार घेत त्यांनी सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायातील ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा पुढच्या दिवसांत मूळ पातळीच्याही बराच वर गेला, तर विश्रांती घेतलेल्या पायात फारसा फरक पडला नाही. दोन्ही पायांना रक्त तेच आणि इन्सुलिनही तेच मिळत असल्यामुळे, बदल त्या स्नायूतच झाला असला पाहिजे, हे उघड होते. १९८२ मध्ये रिश्टर, रुडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत, व्यायाम थांबल्यानंतरही स्नायू इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देतो, हे सिद्ध केले.

शरीर इन्सुलिनला किती प्रतिसाद देते, हे मोजण्याचे साधन दरम्यान १९७९ साली डीफ्रोन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांच्या क्लॅम्प पद्धतीने दिले होते. इन्सुलिन ठरावीक वेगाने शिरेतून देत राहायचे आणि साखर स्थिर ठेवण्यासाठी किती ग्लुकोज द्यावे लागते ते मोजायचे, अशी ती पद्धत आहे. अशा स्थितीत दिलेल्या ग्लुकोजपैकी बहुतांश कंकाल स्नायूंत (हाडांना जोडलेल्या, हालचाल करणाऱ्या स्नायूंत) जाते, असे आढळल्याने इन्सुलिन-प्रतिरोधाच्या, म्हणजे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावण्याच्या, अभ्यासात स्नायू केंद्रस्थानी आला. पुढे ग्लुकोज पेशीत नेणाऱ्या ग्लुट-४ या वाहक प्रथिनाची ओळख पटली. इन्सुलिन आणि स्नायूंचे आकुंचन, दोन्हींमुळे ते पेशीच्या आतून पृष्ठभागावर येते, पण वेगवेगळ्या संदेशमार्गांनी. टाइप-२ मधुमेहात पहिला मार्ग मंदावलेला असला तरी दुसरा बराचसा शाबूत राहतो, आणि व्यायामाचे महत्त्व मुख्यतः यातच आहे.

औषधांची वाट मात्र बहुधा वळणाची राहिली. १९५७ साली झां स्टर्न यांनी मधुमेहासाठी पुढे आणलेले मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातील ग्लुकोजनिर्मिती कमी करते, स्नायूवरील त्याचा परिणाम तुलनेने माफक आहे. १९९० च्या दशकात आलेली ग्लिटाझोन औषधे स्नायूंची संवेदनशीलता खरोखर वाढवतात, पण त्यांचे लक्ष्य असलेला ग्राही (औषध ज्याला जोडले जाते ते प्रथिन) प्रामुख्याने चरबीच्या पेशींत असतो. त्यांपैकी ट्रोग्लिटाझोन यकृताला होणाऱ्या इजेमुळे २००० साली अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले. व्यायामात सक्रिय होणारे एएमपीके हे विकर मेटफॉर्मिनमुळेही सक्रिय होते, असे २००१ मध्ये दिसल्यावर गोळीतून व्यायामाचा लाभ मिळेल, अशी आशा बळावली. ती घाईची होती, असे आता म्हणावे लागते.

अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध चाचणीत (२००२) आहार, वजन आणि आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम यांवर भर देणाऱ्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. मग दोन्ही एकत्र दिले तर लाभांची बेरीज होईल, असे वाटणे साहजिक होते. तथापि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२ आठवड्यांच्या व्यायामाने इन्सुलिन-संवेदनशीलतेत होणारी सुधारणा मेटफॉर्मिन घेणाऱ्या ज्येष्ठांत सरासरीने कमी भरली आणि स्नायूंतील मायटोकाँड्रियांची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांची) श्वसनक्षमता, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याची क्षमताही अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. त्या ज्येष्ठांना मधुमेहाचा धोका होता, पण मधुमेह झालेला नव्हता, त्यामुळे तो निष्कर्ष औषधावर असलेल्या मधुमेहींना जसाच्या तसा लावता येत नाही.